डाव्या गुडघ्यापाशी

भाद्रपद लागला की आमच्या जिन्याच्या भिंतीवरची रेघ परत दिसायला लागते. जमिनीपासून चार फूट दोन इंच. मी तिच्यावर दोन हात रंग दिला, एकदा भिंत खरवडून प्रायमरही दिला. चैत्रात भिंत कोरी असते, आषाढातही कोरी असते, आणि पाऊस ओसरून ते ओलसर, पिवळं ऊन पडायला लागलं की फिक्या चहाच्या रंगाची ती रेघ आतून सरळ आडवी उमटते. पेंटर म्हणाला, भिंतीत क्षार गेलेत. त्याचं बरोबर असणार. माझं काम पाइपांची आणि टाक्यांची जाडी मोजण्याचं. गंज आतून कसा वर येतो ते मला माहीत आहे. तरी सकाळी जिना उतरताना मी त्या रेघेला हात लावत नाही.

बडोद्याच्या वासण्यातल्या आमच्या गल्लीत ह्या दिवसांना एक वास असतो. वाळणाऱ्या गाळाचा, ओल्या पोत्यांचा, आणि त्यात कुठून तरी पारिजातकाचा. कुत्र्यांचे हे दिवस भांडणाचे आणि हुंदडण्याचे. दुपारी तीनच्या सुमाराला मात्र सगळी एकदम गप्प होतात. गल्लीत आत्ता नऊ कुत्री आहेत. हा आकडा मी खात्रीने सांगू शकतो, कारण त्यांची वही माझ्याकडे आहे.

वहीचं कारण साधं होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुत्र्यांवरून वाद झाला. कुणाला टोचलं आहे, कुणाला नाही, हे कुणालाच सांगता येईना. लस देणाऱ्या बाई म्हणाल्या, ज्यांची नसबंदी झाली त्यांच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं असतं, बाकी तुम्ही फोटो काढून ठेवा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रत्येक कुत्र्याचे दोन फोटो काढले, डाव्या बाजूने आणि उजव्या बाजूने. नंबर, रंग, खुणा, कान, लशीची तारीख. काम पंधरा दिवसांत संपलं, पण सवय संपली नाही. ऑफिसच्या कामाने छाणीला गेलो की वर्कशॉपच्या दारातल्या वाळूच्या ढिगावर झोपलेलं कुत्रं, अलकापुरीत काचेच्या दुकानाबाहेर एसीची गार हवा खात पडलेलं कुत्रं, पावागडच्या पायथ्याशी चपलांच्या राशीत बसलेलं कुत्रं. सुट्टीत साताऱ्याला गेलो तर तिथल्या स्टँडवरची. तिथे एका कंडक्टरने विचारलंही, "काय साहेब, जनगणना काढलीय का यांची?" माझी बायको नीलिमा म्हणायची, "माणसांचे एवढे फोटो काढले असतेत तर चार नातेवाईक तरी खूश झाले असते."

तीन वर्षांत सहाशे अकरा फोटो झाले. त्यातून मला एकच गोष्ट शिकायला मिळाली. माणूस फोटो काढून घेताना कॅमेऱ्याकडे बघतो. कुत्रा कॅमेऱ्याकडे बघत नाही, कॅमेरा धरणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. मी फोन छातीशी धरतो, त्यामुळे माझ्या सगळ्या फोटोंत कुत्र्यांची नजर किंचित वर लागलेली आहे. एकदा हे कळलं की फोटोतलं कुत्रं नेमकं काय बघत होतं ते डोळ्यांवरून सांगता येतं. हे कळलं नसतं तर बरं झालं असतं.

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. खाली हसमुखभाई आणि त्यांची बायको राहायची, आणि त्यांचा बदाम. बदाम म्हणजे वहीतला नंबर एक. बदामी रंग, डाव्या मागच्या पायात पांढरा मोजा, डावा कान टोकाला कापलेला. खाणं हसमुखभाईंकडे, झोप त्यांच्या जाळी लावलेल्या ओसरीत, आणि सकाळचं फिरणं माझ्याबरोबर. पट्टा कधी लावला नाही. तो माझ्या डाव्या गुडघ्याला लागून चालायचा, इतका लागून की पँटचा तेवढाच भाग लवकर मळायचा. आई त्याला बदाम्या म्हणायची. ती सहा वर्षांपूर्वी वडील गेल्यावर साताऱ्याहून आमच्याकडे आली. तिला गुजराती येत नव्हतं आणि बदामला मराठी येत नव्हतं, असं हसमुखभाई म्हणायचे. तरी दुपारभर ती वरच्या कठड्यावरून त्याच्याशी बोलत असायची आणि तो खालून मान वाकडी करून ऐकत असायचा.

मागच्याच्या मागचा भाद्रपद. गणपती बसायला दोन दिवस होते. हसमुखभाई बायकोला घेऊन मुलीकडे सुरतेला गेले होते, ओसरीच्या कुलपाची किल्ली आमच्याकडे देऊन. नीलिमा पुण्याला भावाकडे गेली होती. मला डाकोरजवळच्या एका कारखान्यात टाकी तपासायला जायचं होतं, संध्याकाळी परतणार होतो. आदल्या तीन दिवसांचा पाऊस त्या सकाळी थांबला होता, ऊन पडलं होतं. मी बदामला फिरवून आणलं, ओसरीत पाणी ठेवलं, जाळीला कुलूप लावलं. किल्ली नेहमी आमच्या दाराआडच्या खिळ्याला असायची. त्या दिवशी मी ती माझ्या जुडग्यात अडकवली आणि जुडगा खिशात टाकला. माझी सवय आहे, कुलूप ज्याने लावलं त्याच्याकडे किल्ली. कारखान्यात हाच नियम असतो.

बडोद्याचं पाणी पावसात येतं असं नाही. पाऊस थांबल्यावर, वरची तळी भरून वाहिली की, विश्वामित्री नदी फुगते आणि स्वच्छ उन्हात गल्ल्यांत शिरते. नवख्या माणसाला ते खरं वाटत नाही. आकाश निळं असतं, दोरीवर कपडे वाळत असतात, आणि रस्त्याच्या कडेने तपकिरी पाणी आवाज न करता पुढे सरकत येतं. त्यात मगरी असतात, हेही इथले लोक दूध उशिरा आलं अशा सुरात सांगतात.

टाकीचं काम दीडला आटपलं. बस साडेतीनची होती. मी डाकोरच्या गोमती तलावाच्या काठाने कुत्र्यांचे फोटो काढत होतो. दोन चाळीसला आईचा फोन आला.

"अवि, पाणी फाटकाशी आलंय."

"वरच राहा. दार लावून घे."

"बदाम्या ओरडतोय रे खाली. किल्ली कुठाय?"

मी खिशाला हात लावला. जुडगा तिथे होता. मी म्हणालो, "बघतो, कुणाला तरी फोन करतो. तू खाली उतरू नकोस."

मी सात जणांना फोन केले. चौघांचे लागले नाहीत, तिघे स्वतःच वरच्या मजल्यावर अडकले होते. आणि दोन बावन्नला मी एक फोटो काढला आहे. का काढला ते मला सांगता येत नाही. हात मोकळा झाला आणि समोर पायरीवर कुत्रं होतं. आईच्या फोननंतर बारा मिनिटांनी. फाइलवर वेळ आहे, मी ती बदललेली नाही.

परतायचे रस्ते बंद झाले. दोन रात्री मी डाकोरला एका धर्मशाळेत काढल्या आणि तिसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. गाळ घोट्यापर्यंत होता. ओसरीची जाळी उभी होती, कुलूप जसंच्या तसं होतं, आणि आत काही नव्हतं. पाण्याचं भांडं उलटं होऊन कोपऱ्यात गेलं होतं. जाळी सहा फूट चार इंच उंच आहे, वर स्लॅबपर्यंत आठ इंचांची फट. गल्लीतल्या कुठल्याही कुत्र्याची छाती सात इंचांपेक्षा रुंद नाही, ते मी नंतर मोजलं. पाणी चढलं तसा तो पोहत वर आला असेल, जाळीला पाय लावून फटीतून निसटला असेल. आकडे तरी तसं होऊ देतात.

जिन्याला सतरा पायऱ्या आहेत. सातवीपर्यंत गाळ होता. त्या गाळात कुत्र्याच्या पावलांचे ठसे होते, खालून वर जाणारे. खाली येणारे नव्हते. गाळ सातव्या पायरीला संपत होता म्हणून ठसेही तिथे संपले, असं म्हणता येईल. पण चिखलाच्या पायाचा कुत्रा आठव्या पायरीवर काहीतरी ठेवतोच. आठवी पायरी धुतल्यासारखी स्वच्छ होती. मी त्या पायऱ्यांचे फोटो काढले आणि वर गेलो.

आईने दार उघडलं. ती नीट होती, साडीसुद्धा बदललेली होती. तिने चहा टाकला, आणि मी काही विचारायच्या आत सांगायला लागली.

"होडी आली होती अवि. रबराची. दोन माणसं. मी कठड्यावरून हात केला."

"मग?"

"त्यातला एक ओरडला, बा, नीचे खाली छे? मी म्हटलं, हो बाबा, खाली आहे, खाली आहे, लवकर करा. दोनदा सांगितलं. त्याने मान हलवली. आणि होडी पुढच्या घराकडे गेली. मला वाटलं वळून येतील."

मी कप खाली ठेवला. आमच्यासारख्या बडोद्यातल्या घरांत हा शब्द रोज दोन्ही बाजूंनी वापरला जातो आणि कुणी थांबून विचार करत नाही. आपण खाली म्हणतो तेव्हा जिन्याच्या खाली. गुजराती माणूस खाली म्हणतो तेव्हा रिकामं. त्याने विचारलं होतं, खालचं घर रिकामं आहे का? आणि आईने जीव तोडून, दोनदा, हो म्हणून सांगितलं होतं.

चहा प्यायलो. त्या वर्षी गणपतीची मूर्ती आणता आली नाही, आम्ही सुपारीचा गणपती बसवला, आणि आरतीच्या वेळी आई जिन्याच्या दिशेने तोंड करून उभी होती. नीलिमा आली तेव्हा मी तिला सांगितलं, शब्दाचंही आणि किल्लीचंही. ती म्हणाली, "आईंना यातलं काही कळता कामा नये. दोन्हीपैकी काही." मी म्हणालो, बरं.

हसमुखभाई आठवड्याने आले. मी त्यांना किल्ली परत दिली आणि जे झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी जाळी धरली. मग म्हणाले, "एमां तमारो शुं वांक, अविनाशभाई? पाणी छे." यात तुमचा काय दोष, असं. त्यांचा आवाज इतका साधा होता की मला तो अजून ऐकू येतो. दिवाळीनंतर त्यांनी सामान बांधलं आणि मुलीकडे कायमचे गेले. रिक्षात बसताना माझा हात धरून म्हणाले, "बदाम तो तमारी साथे ज फरे छे ने." बदाम तर तुमच्याबरोबरच फिरतो ना. म्हातारपणी काळाचा गोंधळ होतो. त्यांना फिरायचा म्हणायचं असणार. खालचा मजला तेव्हापासून बंद आहे.

पुराच्या त्याच भाद्रपदात आईने विचारायला सुरुवात केली. दिवेलागणीला, वातीला तूप घालताना, माझ्याकडे न बघता. "खाली आहे का रे?" पहिल्या दिवशी मी गडबडलो. मी न मोजलेल्या आकड्यावर आजवर सही केलेली नाही, आणि घरातही मला सरळ बोलायची सवय आहे. मग माझ्या लक्षात आलं की उत्तर एकच आहे. मी म्हणालो, "हो आई, खाली आहे." एका भाषेत ते खरं होतं. ती एक पोळी काढून ठेवायची, मी ती नेऊन शेवटच्या पायरीवर ठेवायचो, सकाळी ती नसायची. गल्लीत नऊ कुत्री आहेत, त्यामुळे ह्यात काही विशेष नाही. आईचं डोकं शाबूत आहे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती रोज पेपर वाचते, औषधं स्वतः वेळेवर घेते. पण डॉक्टरकडे न्यायचं असेल तेवढंच खाली उतरायची, तेही माझ्या हाताला धरून, भिंतीकडे तोंड करून.

मी बदामला शोधत होतो. आठ इंच आणि सात इंच हे दोन आकडे माझ्याजवळ होते, त्यामुळे थांबायला कारण नव्हतं. जिथे जाईन तिथे, बदामी कुत्रा दिसला की फोटो. पाण्याबरोबर कुत्री दहा-दहा किलोमीटर लांब जाऊन लागतात असं लस देणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या. मी नदीच्या खालच्या अंगाची गावं पाहिली, भरूचपर्यंत गेलो, कामानिमित्त आणि कामाशिवाय. घरी येऊन फोटो मोठा करायचा, कान बघायचा, मोजा बघायचा.

माघात कधीतरी, कान बघता बघता, मी डोळे बघितले.

भरूच स्टेशनबाहेरचं कुत्रं होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हतं. त्याची नजर खाली होती, माझ्या डावीकडे, साधारण गुडघ्याच्या उंचीवर. जमिनीकडे बघणाऱ्या कुत्र्याच्या पापण्या मिटल्यासारख्या दिसतात, तसं ते नव्हतं. दुसऱ्या कुत्र्याकडे बघावं तसं, कान पुढे करून, ते तिथे बघत होतं.

एका फोटोवरून काही ठरवू नये. मी सगळे काढून बसलो. पुराच्या दिवसाच्या आधीच्या फोटोंत अशी नजर चार ठिकाणी सापडली, आणि चारही वेळा माझ्या डाव्या हातात काहीतरी खायचं होतं, ते मला आठवलं. त्या दिवसानंतरचे चारशे अडतीस फोटो होते. त्यांतल्या एकशे सव्वीस फोटोंत कुत्रं माझ्या डाव्या गुडघ्याशी बघत होतं. छाणीचं, डाकोरचं, साताऱ्याच्या स्टँडवरचं. ज्यांनी मला आधी कधी पाहिलं नव्हतं अशी कुत्री. काहींची शेपटी हलताना पुसट आली होती. दोघांचे केस मानेपाशी उभे होते.

मी कारणं शोधली. कुत्र्यांसाठीचा बिस्किटाचा पुडा उजव्या खिशात ठेवून पाहिला, मग पुडाच ठेवला नाही. बूट बदलले. फोन डाव्या हातात धरला. प्रमाण होतं तेवढंच राहिलं. पावागडच्या पायथ्याशी मी नीलिमाला म्हणालो, "तू काढ. मी इथे उभा राहतो." ती म्हणाली, "आता मलाही कामाला लावा." तिने माझ्यापासून सहा फुटांवरून तीन फोटो काढले. घरी जाऊन पाहिले. कुत्रं तिच्याकडे बघत नव्हतं, माझ्या तोंडाकडेही नव्हतं. ते कुठे बघत होतं ते त्या फोटोंत जास्त स्पष्ट दिसत होतं, कारण ह्या वेळी माझा पाय फोटोत होता. नीलिमाने फोन बंद करून उशाशी ठेवला आणि दुसऱ्या दिवसाच्या डब्याचं विचारलं. पण तेव्हापासून आम्ही फिरायला गेलो की ती माझ्या उजव्या बाजूने चालते. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, ती नेहमी डावीकडून चालायची.

एकच गोष्ट मी पुष्कळ दिवस टाळत होतो. शेवटी पाहिली. ह्या नजरेचा सगळ्यात पहिला फोटो कुठला? पुराच्या दिवशी डाकोरला मी एकूण चौदा फोटो काढले. दोन बावन्नच्या फोटोत कुत्रं माझ्या तोंडाकडे बघत आहे. त्यानंतरचा फोटो तीन सतराचा. तलावाची पायरी, एक काळी कुत्री, आणि ती माझ्या डाव्या गुडघ्याकडे बघते आहे. होडी आली तेव्हा तीन वाजले होते, असं आई म्हणाली होती. मी वहीत तीन सतरा लिहिलं आणि पुढे काही लिहिलं नाही.

त्या उन्हाळ्यात छाणीला मला जवळजवळ बदाम सापडला. रंग तोच, मागच्या डाव्या पायात मोजा, कान कापलेला. फक्त शेपटीचं टोक काळं होतं. बदामचं बदामीच होतं. शेपटी फोटोत आलेली नव्हती. हा फोटो आईला दाखवला तर ती मानेल, खाली उतरेल, विचारायची थांबेल, हे मला दिसत होतं. आठ दिवस मी तो फोटो खिशात घेऊन फिरलो. मग दाखवला, पण आधी काहीच न बोलता. तोच आहे असं म्हणणार नव्हतो, नाही असंही म्हणणार नव्हतो.

आईने चष्मा लावला. फोन लांब धरला, जवळ धरला. तो फोटो मी बसून काढला होता. माझा पाय त्यात नव्हता, सावलीही नव्हती. नजरेबद्दल तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

"हा नाही," ती म्हणाली. मग फोन परत देत म्हणाली, "पण ह्याला तो दिसतोय."

त्यानंतर मी फोटो काढायचे कमी केले. बंद केले असं नाही. पण सकाळी फिरायला निघालो की डाव्या बाजूला कठडा किंवा भिंत येणार नाही, चालायला जागा राहील, असा रस्ता धरतो आहे, हे एक दिवस माझ्या लक्षात आलं. केव्हापासून, ते माहीत नाही.

ह्या भाद्रपदात, परवा, वडिलांचं श्राद्ध होतं. अष्टमी. गायीचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा घास काढतात. कुत्र्याचं पान मागची दोन्ही वर्षं मीच फाटकाबाहेर नेऊन ठेवलं होतं. गल्लीतली कुत्री पान टेकायच्या आत तुटून पडायची. आदल्या संध्याकाळी आई वडे करायची डाळ निवडत होती. दिवा लागला, आणि तिने विचारलं, "खाली आहे का रे?"

"हो आई, खाली आहे."

ती डाळ निवडत राहिली. म्हणाली, "दारावर भाजीवाली येते ना, ती म्हणते टोपलो खाली थई गयो. म्हणजे टोपली रिकामी झाली."

स्वयंपाकघरातला नीलिमाच्या भांड्यांचा आवाज थांबला.

"केव्हा कळलं तुला?"

"त्याच आठवड्यात. गाळ उपसत होते लोक, तेव्हा."

"मग रोज का विचारतेस?"

"तुला खोटं बोलता येत नाही. लहानपणापासून येत नाही. हे एवढं तुला बोलता येत होतं." तिने एक खडा बाजूला काढला. "आणि मला ऐकता येत होतं."

मी तिला किल्लीचं सांगितलं. दोन वर्षं आणि काही दिवस झाले होते. माझ्या खिशात होती, म्हणालो. मी डाकोरला होतो आणि किल्ली माझ्या खिशात होती.

"माहितीय," ती म्हणाली. "खिळा रिकामा होता. मी सगळीकडे शोधली. तो ओरडत होता तोवर शोधली." मग तिने ताट माझ्याकडे सरकवलं. "चष्म्याने नीट दिसत नाही. ही बघ तू जरा. उद्याचं पान मी ठेवते."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ती खाली उतरली. हात धरू दिला नाही. एका हातात पान, दुसरा हात कठड्याला. सातव्या पायरीवर थोडी थांबली, जणू कुणाला जायला वाट देत होती, मग पुढे उतरली. पानावर भात, वरण, खीर, दोन वडे. हसमुखभाईंच्या ओसरीसमोर जिथे ऊन पडतं, तिथे तिने पान ठेवलं आणि मागे होऊन शेवटच्या पायरीवर बसली. मी तिच्याशेजारी उभा राहिलो.

नऊही कुत्री होती. वड्यांचा वास गल्लीभर गेला होता. सगळी आली, आणि पानापासून दहा-बारा फुटांवर थांबली. एक बसलं, मग दुसरं, मग सगळी. अर्धगोलात, पानाकडे तोंड करून, कान मागे घेऊन. गुरगुर नाही, ढकलाढकली नाही. मी कुत्र्यांना असं बसलेलं फक्त एकाच वेळी पाहिलं आहे, खाण्याचा पहिला मान असलेलं कुत्रं खात असतं आणि बाकीची वाट बघत असतात तेव्हा. पानाची कड हलत होती. वाऱ्याने, असं लिहायला मला आवडलं असतं. दोरीवरचे कपडे स्थिर होते.

मी घड्याळाकडे बघितलं. आईने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"त्याचं होऊ दे," ती म्हणाली.

आम्ही तिथेच थांबलो. फाटकापलीकडून एक स्कूटर गेली. नीलिमा वर कठड्याशी येऊन उभी राहिली. आईचे ओठ हलत होते. ती माफी मागत होती की नुसती नेहमीसारखी त्याच्याशी बोलत होती, ते मला ऐकू आलं नाही. बदामला मराठी येत नव्हतं असं हसमुखभाई म्हणायचे. पण इतक्या वर्षांत त्याला थोडं येत असणार.

मग ती कुत्र्यांकडे बघून म्हणाली, "या आता."

सगळी कुत्री उठली आणि आली. घाई न करता पानाला चहूबाजूंनी तोंडं लावली, खांद्याला खांदा लावून, दाटीवाटीने. फक्त आमच्या बाजूला, पानाच्या कडेला, एका कुत्र्याएवढी जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. ती मी मोजली नाही.